पंप बंद पडला की फेटा

दौंड,
९ ऑगस्ट १९९८

आदरणीय दाजी,
सप्रेम जयभीम.

अक्काला सांगा, तुझ्या भावाच्या डोक्यावर पुन्हा फेटा बसला. यंदाचा तिसरा!

झालं असं, की परवा ऐन दुपारी कॉस्टिक सोड्याच्या पंपाचं सील फुटलं आणि कुरकुंभचा आमचा अख्खा प्लँट थांबला. साहेब कपाळाला हात लावून उभे. मी आणि मल्हारी जेवणाचे डबे तसेच टाकून पळालो. मल्हारी म्हणजे माझा फिटर, पाटसचा. माणूस काय कामाचा आहे म्हणून सांगू! शिफ्ट संपायच्या आत प्लँट चालू करून दिला.

आमच्या साहेबांची एक पद्धत आहे. बंद पडलेला प्लँट जो चालू करेल, त्याला दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांच्या देखत फेटा. आणि तो बांधायचा मल्हारीनंच. गावच्या लग्नांत वऱ्हाडाचे फेटे तोच बांधतो. एकानं कापडाचं टोक लांब ताणून धरायचं आणि इकडं मल्हारीची बोटं सुरू. बघता बघता डोक्यावर फेटा तयार, पाठीवर शेमला. खरं तर पंपाखाली आडवा तोच झाला होता. मी म्हटलं, अरे, आज तू बांधून घे. तर म्हणतो, "माझ्या डोक्याला टोपी बरी. तुमी इन्चार्ज, तुमाला सोभतोय."

घरी राजश्री म्हणते, कपाटात आता फेटे ठेवायला जागा नाही, पुढच्या वेळी साहेबांना कुकर द्यायला सांगा. दिवाळीला माझी ग्रेड वाढायची लक्षणं आहेत.

तुमच्याकडं काय विशेष? तुमच्या सणसवाडीच्या कंपनीत तर कधी काही बिघडतच नाही. मग मेंटेनन्सवाले दिवसभर करतात तरी काय? थट्टा करतोय, रागावू नका.

तुमचा,
महेंद्र

*

शिरूर,
२३ ऑगस्ट १९९८

चि. महेंद्र यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र अक्कानं आधी स्वतः वाचलं, मग शेजारच्या बायकांना वाचून दाखवलं, मग मला मिळालं. फेट्याचा आनंद झाला.

दिवसभर काय करतो विचारतोस, तर ऐक. एकेका प्रेस मशीनजवळ जायचं, हात लावून बघायचं, कान द्यायचा. गरम लागली किंवा आवाज बदलला की थांबवायची. तेव्हा चालवणारा शिव्या देतो, त्याचा सुपरवायझर शिव्या देतो, आपण ऐकून घ्यायच्या. गुरुवारी कंपनीला सुट्टी असली की आम्ही मशिनी उघडून बसतो. दाखवण्यासारखं यात काही नाही. न पडलेल्या भिंतीचा फोटो कोण काढणार?

आता एक विचारतो. तिन्ही फेटे त्या एकाच पंपाचे ना रे? मागं तू मला तुमची कंपनी दाखवायला नेलं होतंस. वरून येणाऱ्या पाइपचा सगळा भार त्या पंपावर पडलाय. सील बिचारं किती टिकेल? हे मी नवीन सांगत नाही, त्या दिवशी तूच मला दाखवलं होतंस आणि म्हणाला होतास, इथं खालून टेकू पाहिजे. एक दिवस प्लँट थांबव आणि टेकू देऊन टाक. चौथा फेटा नको आपल्याला.

आमच्या दीक्षाची शाळा नीट चालू आहे. केंदूरला आई-आबा बरे आहेत.

तुझा,
कोंडिबा

ता. क. महेंद्र, मी अक्का. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलंय म्हणून खाली लिहिते. दाजींनी प्रेसबिसचं लिहिलंय ते खरं नाही. जूनपासून त्यांना स्टोअरमध्ये बसवलंय. साहेब म्हणाले, काही बिघडतच नाही तर मेंटेनन्सला एवढी माणसं कशाला? आता जाळीमागं बसून नट-बोल्ट देतात. घरी आल्यावर मात्र पहिल्यासारखेच रॉकेलनं हात पुसतात, हाताला काही लागलेलं नसतं तरी. मला बघवत नाही. तुला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.

*

दौंड,
४ ऑक्टोबर १९९८

आदरणीय दाजी,
सप्रेम जयभीम.

टेकूचं मी साहेबांशी बोललो. बोललो म्हणजे, चहा पिताना विषय काढला. ते म्हणाले, ऑर्डर तोंडावर आहे, मार्चच्या शटडाऊनला बघू. मी पुढं ताणलं नाही. ग्रेडचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे, आत्ता कुठं प्लँट थांबवा म्हणत बसू? मल्हारीला सांगितलं तर तो हसला. "मार्च काय लांब न्हाई. तवर आपुन हाय की."

आणि दाजी, आपल्या दोघांत म्हणून लिहितो. पंप बिघडलाच नाही तर आपल्याला विचारतो कोण? मला अक्कानं सगळं कळवलंय. तिच्यावर चिडू नका. तुम्ही इतकी वर्षं काही बिघडू दिलं नाही आणि त्याचं बक्षीस काय, तर स्टोअरची जाळी. तुमच्या रस्त्यानं जाऊन तिथंच पोचायचं असेल, तर मला माझा रस्ता बरा वाटतो. फेट्याचं तुम्हाला थोडं टोचलं असावं, असंही राजश्रीला वाटलं. मला तसं वाटत नाही, पण लिहून टाकलं.

मोठे आहात, राग धरू नका.

महेंद्र

*

शिरूर,
१३ ऑक्टोबर १९९८

चि. महेंद्र यास,

पत्र मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत दौंडला यायचं माझ्या मनात होतं. तुझ्या साहेबांना भेटून पाइपचं समजावून सांगावं, तुला मध्ये न घालता, असं ठरवलं होतं. आता येत नाही. प्लँट तुझा आहे, पंप तुझा आहे आणि स्टोअरकीपरचं कोण ऐकतो.

अक्का करंज्या पाठवते आहे. ग्रेडबद्दल आधीच अभिनंदन.

कोंडिबा

*

दौंड,
७ फेब्रुवारी १९९९

दाजी,

जयभीम. दिवाळीपासून तुम्हाला पत्र नाही. आज लिहितोय ते दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही म्हणून.

मल्हारीचा उजवा हात गेला. तोडला नाही, पण गेल्यासारखाच.

जानेवारीत तोच पंप पुन्हा गळायला लागला. साहेबांनी मला विचारलं होतं, थांबवायचा का? त्यांनी विचारलं होतं, दाजी. मी म्हणालो, कशाला, चालू ठेवूनच आवळतो. मी पाना घेऊन वाकलो तर मल्हारीनं माझ्या हातातनं पाना घेतला. "तुमी नगा, नवा सर्ट हाय." ग्रेड वाढल्यावर राजश्रीनं घेतलेला शर्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा घातला होता.

सील फुटलं आणि गरम कॉस्टिक त्याच्या हातावर आलं. तोंड फिरवलं म्हणून डोळे वाचले. मी व्हॉल्व्ह बंद केला, त्याला पाण्याखाली धरलं. तो ओरडत नव्हता, नुसता "आलं, आलं" म्हणत होता. पुण्याला दवाखान्यात ठेवलं होतं. मांडीची कातडी काढून हाताला लावली. डॉक्टर म्हणतात, बोटं अशीच आखडलेली राहणार. त्याची बायको साखरबाई मला रोज विचारते, "भाऊ, ह्यांचा हात कवा उघडंल?" मी रोज म्हणतो, उघडेल.

टेकू बसला. दुसऱ्याच दिवशी. भंगारातले दोन लोखंडी अँगल आणि एक प्लेट. जेवणाच्या सुट्टीच्या आत काम झालं. साहेब स्वतः उभे होते. मग म्हणाले, तू व्हॉल्व्ह वेळेत बंद केलास म्हणून प्लँट वाचला, फेटा तुझाच. मी नको म्हणालो. आणि बांधणार तरी कोण होतं?

तुम्हाला मी जे लिहिलं होतं, ते पत्र फाडून टाका.

महेंद्र

*

शिरूर,
१४ फेब्रुवारी १९९९

चि. महेंद्र यास,
जयभीम.

तुझं पत्र वाचून दोन घास गेले नाहीत. अक्का तर रडायचीच थांबत नव्हती.

मी दिवाळीत आलो असतो तर? शिरूरहून दौंड काय परदेश आहे? एसटीत बसायचं आणि उतरायचं. पण मी मानापानाला बसलो. मेहुणा आपल्याला स्टोअरकीपर म्हणाला, हे धरून घरी बसलो. खरं तर तू तसं म्हणालाही नव्हतास, तो शब्द माझाच होता. तुझ्या साहेबांनी माझं ऐकलं असतं की नाही, देव जाणे. पण मी गेलोच नाही, हे तर खरं ना?

आता दोघांनी दोष वाटून घेतला तरी मल्हारीचं एक बोट उघडणार नाही. म्हणून कामाचं सांगतो. त्याला घरी बसू देऊ नकोस. तुझ्याच खात्यात ठेवून घे. ग्रीस डाव्या हातानंही देता येतं. रोज सकाळी त्याला बरोबर घेऊन सगळ्या पंपांवरनं फिरत जा. काही सापडेल, काही सापडणार नाही. फिरायचं सोडू नकोस.

पत्र फाडलं नाही. तसंच ठेवलंय. तू वाईट नाहीस, घाईत होतास.

तुझा,
कोंडिबा

*

दौंड,
१४ नोव्हेंबर १९९९

आदरणीय दाजी,
सप्रेम जयभीम.

तुम्ही सांगितलं तसंच चालू होतं. रोज सकाळी मी आणि मल्हारी निघतो. तो ग्रीसचा डबा काखेत धरतो, डाव्या हातानं ग्रीस देतो. सुरुवातीला लोक हसायचे, म्हणायचे आले देवदर्शनाला. नंतर ऑपरेटरच बोलवायला लागले, भाऊ, हा जरा बघा, वेगळा वाजतोय. पावसाळ्यापासून एकही मोठा बिघाड नाही. मला वाटलं होतं, आपलं ऋण थोडं तरी फिटतंय.

पण जुने साहेब बदलून गेले आणि नवे आले. मला बोलावून म्हणाले, तुमच्या खात्याचं काम छान आहे, काही बिघडतच नाही, मग एवढी माणसं कशाला? एक माणूस कमी करा. कोण, हे त्यांनीच सांगितलं. ज्याचा एकच हात चालतो तो.

तुमच्याबद्दल अक्कानं लिहिलेलं वाक्यच होतं ते, जवळजवळ शब्दाला शब्द. मला हसू आलं आणि मग भीती वाटली. दाजी, मल्हारीला दुसरीकडं कोण घेणार? जमीन नाही, एक हात नाही. त्याला अजून सांगितलेलं नाही. काय करू?

महेंद्र

*

शिरूर,
२१ नोव्हेंबर १९९९

चि. महेंद्र यास,

तुम्ही दोघांनी काय काय वेळेत पकडलं ते साहेबांपुढं मांड. कोणतं बेअरिंग बदललं, ते गेलं असतं तर काय झालं असतं, सगळं सांग.

मीही मांडलं होतं. आमचे साहेब म्हणाले, ते बिघडणारच होतं हे कशावरून? मशीन बिघडली की तिच्याकडं बोट दाखवता येतं. न बिघडलेली दाखवून काय सांगायचं? तरी तू मांड. तुला माझ्यापेक्षा बोलता येतं.

कोंडिबा

*

दौंड,
२३ जानेवारी २०००

दाजी,

मांडलं. त्यांनी तोच प्रश्न विचारला. मल्हारीचं नाव तसंच ठेवलं.

आता जे लिहितो ते अक्काला वाचून दाखवू नका.

आमच्याकडं थंड पाण्याचा एक पंप आहे. नुसतं पाणी, कॉस्टिक नाही, काही नाही. मी त्याचं ग्रीस बंद केलं. मल्हारीला म्हटलं, तो मी बघतो, तू पलीकडची रांग घे. रोज त्याच्याजवळनं जायचो. पहिल्यांदा गुणगुणला, मग घासल्यासारखा वाजायला लागला. मी तसाच पुढं जायचो. साहेबांना एकदा कळू दे बिघाड म्हणजे काय असतो, एवढंच मनात होतं.

गेल्या आठवड्यात तो अडकला. मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग तुटून उडालं आणि वरचं झाकण घेऊन समोरच्या भिंतीवर आदळलं. तिथंच ऑपरेटरचं स्टूल असतं. ठेक्यावरचा एक बिहारी माणूस असतो त्या पंपावर. नशिबानं तो चहाला गेला होता.

प्लँट थांबला. मी धावलो, मल्हारी धावला, तासाभरात दुसरा पंप जोडून दिला. आणि नव्या साहेबांना कुणीतरी जुनी पद्धत सांगितली असणार. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये फेटा हजर. साहेब म्हणाले, आता कळलं तुमच्या खात्याला माणसं का लागतात. सगळी राहतील.

फेटा कँटीनच्या आचाऱ्यानं बांधला. टोक धरायला मल्हारी पुढं झाला. डाव्या हातानं ताणून धरलं होतं. आचाऱ्याला नीट जमेना, फेटा सारखा सुटत होता. मल्हारी लांबनं सांगत होता, "वढू नगं एवढा. आता फिरीव. आता खोच." आखडलेला हात त्यानं पोटाशी धरला होता आणि त्याची बोटं हलत होती, दाजी. जेवढी हलतात तेवढी. मी मान खाली घातली तर म्हणाला, "भाऊ, मान वर. फेटा कलतोय."

त्याची नोकरी राहिली. मला झोप नाही.

महेंद्र

*

शिरूर,
६ फेब्रुवारी २०००

चि. महेंद्र यास,
जयभीम.

तुला रागवायला म्हणून कागद घेतला. लिहिता येईना. कारण सांगतो.

आमच्या स्टोअरच्या भिंतीपलीकडं मोठा प्रेस आहे. दिवाळीपासून त्याचा आवाज बदलला होता. इतकी वर्षं त्या आवाजावर गेलीत, मला जाळीमागं बसून कळत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. मनात म्हणालो, मला काढलंत ना, आता तुम्ही बघा. परवा तो बंद पडला. साहेब स्वतः स्टोअरमध्ये आले आणि म्हणाले, कोंडिबा, जरा येता का? मी निघालो तेव्हा माणसं बाजूला होऊन वाट देत होती. आणि महेंद्र, मला आनंद झाला. त्या मशिनीखाली कुणी असतं तर, हे घरी आल्यावर सुचलं.

म्हणजे आयुष्यभर जे केलं ते मी एका मानासाठी मोडलं. तू निदान मल्हारीसाठी मोडलंस.

मला पुन्हा मेंटेनन्सला घेतलंय. अक्कानं पेढे वाटले. माझ्या तोंडात पेढा फिरत राहिला.

मल्हारीला खरं सांगून टाक. त्याच्यापासून लपवलंस तर उद्या त्याच्याबरोबर पंपावरनं फिरताना तुझं लक्ष पंपाकडं राहणार नाही.

कोंडिबा

*

दौंड,
२७ फेब्रुवारी २०००

आदरणीय दाजी,
सप्रेम जयभीम.

सांगितलं. काल सकाळी त्याच पंपाजवळ उभं राहून सांगितलं.

मल्हारी ग्रीस देत होता. हात थांबवला नाही. म्हणाला, "मला ठावं व्हतं, भाऊ. तुमी म्हनला त्यो पंप मी बघतो, तवाच कळलं. तुमी कवा ग्रीसला हात लावला व्हता?"

मी म्हटलं, मग बोलला का नाहीस?

"काय बोलू? नोकरी मलाबी पायजे व्हती. साखरबाईला सांगितलंबी न्हवतं, सायेब काढत्यात म्हनून. कँटीनमदी कानावर आलं व्हतं." मग डबा खाली ठेवला आणि आखडलेल्या हातानं त्या स्टुलाकडं दाखवलं. "पर ह्यो इथं बसतोय ना, त्याला तर म्हाईत न्हवतं. पान्याचा पंप म्हून काय झालं? उडतं तवा कुनाचंबी डोस्कं फुटतं. म्हून पंप लई वाजाया लागला की मी त्याला चहाला न्यायचो. चल भय्या, चाय पिलाता. रोजच म्हना की. त्यो म्हनायचा, मल्हारीभाऊ का दिल बहुत बडा है."

इतकंच बोलला आणि डबा काखेत घालून पुढच्या पंपाकडं गेला.

मी तुम्हाला लिहिलं होतं, नशिबानं तो चहाला गेला होता. तसं नव्हतं. त्या माणसाचं डोकं मल्हारीनं वाचवलं, आणि फेट्याचं टोक धरून सगळ्यांत लांब तोच उभा होता. त्या बिहारी माणसाला अजून काही ठाऊक नाही, साहेबांना नाही. मी तर रोज त्या पंपाजवळनं जायचो, दाजी. मलाही दिसलं नाही.

तुमचा,
महेंद्र